तीन चाळीसचं मिनिट

१

विस्तिन झेराफाने जन्मात कधी पैज लावली नव्हती, पण त्याचं पोट जुगारावर चालत होतं. माल्टात याचं कुणाला नवल वाटत नाही. बेटावरच्या अर्ध्या खिडक्यांमागे कोणी ना कोणी ऑनलाइन कॅसिनोचं काही ना काही करत बसलेलं असतं. विस्तिन आधी गोदीत कारकून होता. गोदी बंद पडल्यावर ग्झिरातल्या एका कंपनीने त्याला ठेवून घेतलं, कारण त्याला आकडे नीट उतरवता येत होते आणि उतरवताना तो प्रश्न विचारत नसे.

काम सोपं होतं. जगभरचे लोक घरबसल्या स्लॉट मशिनं खेळतात, त्यांच्या प्रत्येक डावातला एक बारीक हिस्सा बाजूला निघतो आणि शेकडो कॅसिनोंमधून एकाच गल्ल्यात जमतो. गल्ला फुगत जातो आणि एक दिवस फुटतो, म्हणजे कुणा एकालाच सगळा लागतो. असे गल्ले चालवणारी सहा मोठी नेटवर्क होती, आणि विस्तिनची कंपनी त्यांची तुलना करणारं पान चालवायची. कोण डावातला किती हिस्सा कापतं, फुटल्यावर गल्ला कितीपासून पुन्हा सुरू होतो, सरासरी किती दिवसांनी फुटतो, मागच्या वेळी कुणाला लागला. काही गल्ल्यांना वरची हद्द ठरवलेली असते, त्या आकड्याच्या आत ते फुटायलाच हवेत. खेळणारे तो रकाना देवाच्या पोथीसारखा वाचायचे.

सहा ओळी आणि दर मिनिटाला आपोआप होणारी नोंद. सकाळी नऊला विस्तिन चहाचा ग्लास घेऊन बसे आणि सगळं जागच्या जागी आहे ना ते बघे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तक्त्यात सात ओळी होत्या.

त्याने ऑफिसात फोन लावला. त्याची वरिष्ठ तूवा स्वीडनची होती, त्याला मुलगी असती तर तिच्या वयाची, आणि सगळ्यांशी सारख्याच घाईत बोलायची.

"ही सातवी ओळ कुणी घातली?"

"तूच."

"मी? मी कशाला घालू?"

"विस्तिन, समोर लिहिलंय. तुझं नाव, दोन जून, दुपारी. ऊन लागलंय का तुला? डोक्याला ओलं फडकं बांध आणि काढून टाक ती ओळ."

त्याने ओळ काढून टाकली. चहा संपवून पाहिलं तर ती जागेवरच होती.

२

सातव्या नेटवर्कला नाव नव्हतं. आकड्याच्या आधी युरोचं चिन्ह नव्हतं, दुसरं कुठलंच नव्हतं. हद्दीचा रकाना मात्र भरलेला होता, १४,०००. आणि मागच्या विजेत्यांच्या रकान्यात दोन नोंदी होत्या. इतर ओळींत तिथे 'ए. के., फिनलंड' असं काहीतरी असायचं. इथे होतं 'स्टेला मारिस, २ जून' आणि 'सांता रिता, २८ जून'. विस्तिनला वाटलं, कुणीतरी भाविक इटालियन नेटवर्क असावं. जुगाराला संतांची नावं देणारेही असतात.

खरं खटकलं ते वेगळंच. बाकीचे सहा आकडे दिवसरात्र खळखळत वर चढायचे. सातवा दिवसभर मेल्यासारखा पडून असायचा. नोंदी उलगडल्यावर त्याला दिसलं की तो रोज एकदाच हलतो. दुपारी तीन चाळीसला हलतो आणि तीन एक्केचाळीसला थांबतो. त्या एका मिनिटात पाचशे चाळीसच्या आसपास वाढतो, कधी पाच कमी, कधी सहा जास्त.

एखादं यंत्र असतं तर रोज नेमका तेवढाच वाढला असता, असं त्याच्या मनात आलं. कमीजास्त होतो म्हणजे कुणीतरी हाताने करतंय.

३

घरात विस्तिन आणि त्याची आई, दोघंच. साव्हेरिना एक्याऐंशीची होती. डाव्या कानाने ठार बहिरी, उजव्याने मर्जीप्रमाणे. दर बुधवारी विस्तिन तिला बँडच्या क्लबात तंबोला खेळायला न्यायचा आणि शेजारी बसून पुकारलेला प्रत्येक आकडा तिच्या उजव्या कानात पुन्हा सांगायचा. ती घेवड्याचे दाणे बोटाने एकेक करून समोरच्या आकडे छापलेल्या पत्त्यावर ठेवायची. पत्ता भरला की हात वर करून ओरडायचं. वेळेवर ओरडलं नाही तर तो डाव गेला, पुकारणारा पुढे सरकतो. त्यावरून तिची क्लबातल्या निम्म्या बायकांशी भांडणं झाली होती.

उन्हाळ्यात विस्तिन घरूनच काम करायचा. जेवण झालं की अख्खं गाव दारं-खिडक्या लावून झोपायचं. साव्हेरिना रस्त्यावरच्या लाकडी बंद सज्जात, आरामखुर्चीत वामकुक्षी घ्यायची. विस्तिन आतल्या खोलीत पंख्याखाली आकडे बघत बसायचा.

त्या दिवशी तो सातव्या ओळीकडे डोळे लावून बसला होता. तीन चाळीस झाले. आकडा हलला, आणि त्याच क्षणी सज्जातून आवाज आला. टक. टक. टक.

तो उठून गेला. आई गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं. उजव्या हाताची तर्जनी तेवढी खुर्चीच्या हातावर उचलली जात होती आणि खाली टेकत होती, दाणा ठेवावा तशी. त्याने मोजलं. मिनिटभरात साठ. मग बोट थांबलं आणि आईने झोपेतच एक समाधानाचा सुस्कारा टाकला.

म्हातारपणी नसा अशा उडतात, त्याने स्वतःला सांगितलं. डॉक्टरांना विचारायला हवं.

४

साठ म्हणजे काही पाचशे चाळीस नव्हेत. या हिशेबाने त्याला दोन दिवस धीर दिला. तिसऱ्या दिवशी तो तीन पस्तीसला खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

रस्ता ओस होता. भिंती उन्हाने पांढऱ्याफेक पडलेल्या, सगळ्या सज्जांच्या झडपा बंद. एक मांजर मोटारीखाली पसरलं होतं. तीन चाळीसला मांजराने मान वर केली आणि ते उठून चालतं झालं.

आवाज बारीक होता. लक्ष नसतं तर कळलाही नसता. समोरच्या झडपांमागे टक टक. शेजारी टक टक. वरच्या अंगाला, कोपऱ्यावरच्या घरात, त्यापलीकडे. सगळी बोटं एकाच वेळी उचलली जात होती आणि एकाच वेळी टेकत होती. एसीचं पाणी गळत असेल, त्याने म्हणून पाहिलं. नऊ घरांत, एका तालात? आणि नऊ घरंच होती. ज्या ज्या घरात दुपारी म्हातारं माणूस झोपलेलं असतं, ती त्याने बोटांवर मोजली. नऊ साठे पाचशे चाळीस.

आवाज थांबला तेव्हा तो एका बंद दाराला टेकून उभा होता. त्याने सहज दारावरची पाटी वाचली. इथे घरांना नावं असतात, नंबराने कुणी घर ओळखत नाही. पाटीवर लिहिलं होतं, 'सांता रिता'. हे घर जूनच्या अखेरीपासून बंद होतं. त्यातली म्हातारी दुपारच्या झोपेतच गेली होती. त्याआधी, जूनच्या सुरुवातीला, त्याच रस्त्यावरच्या 'स्टेला मारिस'मधला म्हातारा.

त्याच्या स्वतःच्या दारावर पाटी होती 'इल-बेय्ता', म्हणजे घरटं. बापाने लग्नाच्या वर्षी हाताने रंगवलेली.

५

"मा, दुपारी तुला स्वप्नं पडतात का गं?" त्याने उजव्या कानाशी विचारलं.

साव्हेरिना पावावर टोमॅटो चोळत होती. "पडतात की. तुला रे काय करायचंय? लग्न तर केलं नाहीस, म्हाताऱ्या आईची स्वप्नं विचारत बसतो मेला."

"सांग ना."

"तंबोला खेळते. मोठ्ठं दालन आहे, संगमरवराचं, गार. सगळी आपलीच माणसं. पुकारणारा चांगला आहे हो, क्लबातल्या त्या बोकडासारखा नाही, गोड आवाज आहे. पण गंमत म्हणजे तो आकडे नाही पुकारत, घरं पुकारतो. ज्याच्या पत्त्यावर ते घर असेल त्याने दाणा ठेवायचा."

विस्तिनने हातातली सुरी खाली ठेवली. "आणि तुझा पत्ता?"

"भरला रे भरला!" तिचा चेहरा पोरीसारखा उजळला. "एकच घर राहिलंय. आपलं. आपलं आलं की हात वर करायचा, बास. पण तू तिथे शेजारी नसतोस ना, त्यामुळे अर्धं ऐकूच येत नाही मला. कोण जाणे, आपलं घर दोनदा पुकारूनही झालं असेल आणि मी बसलेय आपली ठोंब्यासारखी."

ती हसली. त्याला रडू यायचं बाकी होतं. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला. त्याला या जगात दुसरं कुणी नव्हतं.

त्या दिवशी सातवा आकडा १२,९६८ वर थांबला होता. दुसऱ्या दिवशी १३,५१२. त्याच्या पुढच्या दिवशी तो चौदा हजारांच्या आत फुटणार होता, आणि हा हिशेब जगात विस्तिनइतका नीट कुणालाच येत नव्हता.

६

तीन चाळीसच का, हे त्याला आकडा १३,५१२ वर थांबला त्या संध्याकाळी सज्जात उभं असताना कळलं. कळलं म्हणण्यापेक्षा, जन्मभर समोर होतं ते एकदाचं दिसलं.

सज्जातून चर्चचे दोन्ही मनोरे दिसायचे, आणि दोन्हींवर घड्याळ. उजवीकडचं खरं. डावीकडचं भिंतीवर रंगवलेलं, काट्यांसकट. ते दोनशे वर्षं तीन चाळीस दाखवत होतं. असं का, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. एक घड्याळ माणसांसाठी, एक सैतानासाठी. त्याला खरी वेळ कळू नये, म्हणजे माणसाची घटका भरली की तो चुकीच्या वेळी येईल. लोक हसत सांगायचे आणि सांगून झाल्यावर छातीवर क्रूस काढायचे.

पण दिवसातून दोनदा दोन्ही घड्याळं एकच वेळ सांगतात, हा विचार दोनशे वर्षांत कुणी केला नव्हता. पहाटे चर्च अंधारात असतं. दुपारी लख्ख उजेडात ते मिनिटभर सैतानाला खरी वेळ सांगत उभं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विस्तिन सिदोरकडे गेला. चर्चच्या घड्याळाला किल्ली देण्याचं काम त्याच्या घराण्यात तीन पिढ्या होतं, आणि गाव त्याला मानाने 'सुर', म्हणजे श्रीयुत, म्हणायचं.

"घड्याळ थांबवायचं?" सिदोरने चष्मा कपाळावर चढवला. "का रे बाबा? कुणाचा नवरदेव पळालाय?"

"दहाच मिनिटं, सुर सिदोर. तीन पस्तीसला लंबक धरायचा, तीन पंचेचाळीसला सोडायचा. तीन चाळीस वाजू द्यायचे नाहीत."

"डोकं फिरलं तुझं. वर बॉम्ब पडत होते तेव्हा माझ्या बापाने हे थांबू दिलं नाही. जा, घरी जा. त्या कॉम्प्युटरसमोर बसून बसून मेंदूचं पातळ वरण झालंय."

"तुमची बहीण किती वाजता गेली?"

'सांता रिता'मधली म्हातारी सिदोरची बहीण होती.

"दुपारी," तो म्हणाला.

"दुपारी किती वाजता?"

त्याने हातातल्या किल्ल्या चाळवल्या. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आम्ही तिचे हात जोडून ठेवायला गेलो ना, तर उजव्या हाताचं हे बोट वाकेना. सगळी बोटं मऊ होती रे. हे एकच उचललेलं." त्याने किल्ल्या खिशात टाकल्या. "तीन पस्तीसला. वर फोन घेऊन जातो. तू सांगितल्याशिवाय सोडणार नाही."

७

तीन वाजल्यापासून विस्तिन सज्जात आईजवळ बसला होता. मांडीवर लॅपटॉप, हातात फोन. त्याने झडपा उघडल्या होत्या. आईने ऊन येतं म्हणून कुरकुर केली आणि झोपून गेली.

तीन पस्तीसला सिदोरचा फोन आला. "धरला," एवढंच तो म्हणाला. खऱ्या घड्याळाचे काटे उन्हात स्थिर उभे होते.

फोनवर तीन एकोणचाळीस झाले. तीन चाळीस. विस्तिनने आईच्या बोटाकडे पाहिलं. ते खुर्चीच्या हातावर निवांत पडलं होतं. रस्त्यावर कुठे आवाज नव्हता. तीन एक्केचाळीस. तक्त्यात १३,५१२.

बेचाळीसला त्याचा बांध फुटला. तो हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. त्याने वाकून आईच्या कपाळाचा मुका घेतला. घामाचा आणि साबणाचा वास आला, लहानपणी यायचा तोच. रोज थांबवू, तो मनाशी म्हणाला. लागेल तितकी वर्षं मी स्वतः वर चढून लंबक धरेन.

टक.

त्याने मान वर केली. बोट उचललेलं होतं. टक. समोरच्या झडपेमागे टक. शेजारी, कोपऱ्यावर, पलीकडे. लॅपटॉपवर १३,५२१. १३,५३०. नोंदीच्या रकान्यात वेळ पडली होती, ३:३५. खालच्या नोंदीत ३:३५. त्याच्या खालच्या नोंदीतही तेच.

त्याने चर्चकडे पाहिलं. उजवीकडचं घड्याळ तीन पस्तीसवर थांबलेलं होतं. डावीकडे, रंगवलेल्या घड्याळातही तीन पस्तीस झाले होते.

आपली नजर चुकतेय असं म्हणायला त्याचं मन धावलं. पण त्या भिंतीवर, जिथे मोठा काटा दोनशे वर्षं होता, तिथे आता एक उजळ पट्टा उरला होता, ऊन कधीच न लागलेला. तसबीर हलवल्यावर भिंतीवर राहतो तसा.

त्याने फोन लावला. "सोडा! सुर सिदोर, लंबक सोडा!"

फोन उचलला गेला होता. पलीकडे झोपलेल्या माणसाचा संथ श्वास होता, आणि फोनच्या अगदी जवळ, लाकडावर, टक, टक, टक.

म्हणजे आता मिनिट संपणार नव्हतं. दिवसातलं एक मिनिट होतं, ते विस्तिनने स्वतःच्या हाताने कायमचं उघडं करून दिलं होतं.

८

आकडा चौदा हजारांवर गेला. १४,०१०. १४,०२०. हद्दीच्या पुढे कुठलाच गल्ला जात नाही, त्याने हजार वेळा लिहिलं होतं ते वाक्य. त्याने लॅपटॉप ढकलून दिला आणि आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. तिचं बोट त्याच्या मुठीत धडपडत राहिलं.

खाली रस्त्यात कुणीतरी घसा साफ केला. विस्तिनने खाली पाहिलं नाही. दगडावर उन्हात एक सावली होती आणि ती कुणाच्या पायांपासून निघालेली नव्हती, इतकं डोळ्यांच्या कडेला दिसलं. पुढचं पाहायची त्याची छाती झाली नाही.

मग आवाज आला. खरोखरच गोड आवाज होता.

"इल-बेय्ता."

साव्हेरिनाच्या पापण्या थरथरल्या. डोळे मिटलेलेच होते, पण तिने उजवा कान विस्तिनकडे वळवला, क्लबात वळवायची तसा. "आलास होय रे? बरं झालं. काय म्हणाला तो? कुठलं घर?"

तिचा हात त्याच्या मुठीतून वर उठू पाहत होता. त्याने तिच्या कानाशी तोंड नेलं. आकडा चुकवून सांगणं त्याने जन्मात केलं नव्हतं, आईच्या कानात तर कधीच नाही.

"स्टेला मारिस," तो म्हणाला. "आपलं नाही, मा."

"हात्तिच्या!" हात खाली आला. "थांबू मग. येईल आपलंही."

रस्त्यावर थोडा वेळ शांतता होती, जशी कुणी कागद तपासताना असते. समोरच्या घरांत बोटं टकटकत होती. मनोऱ्यांवर दोन्ही घड्याळं एकच वेळ सांगत होती आणि ऊन भिंतीवर जिथे होतं तिथेच होतं. खालच्या दाराची कडी कुणीतरी हळूच वर केली. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवरून, न रागावता, पुन्हा तेच नाव.

"आता?" साव्हेरिनाने विचारलं. "आता कुठलं?"

"सांता रिता, मा."

दुसरी पायरी वाजली. जिन्याला एकूण बावीस पायऱ्या होत्या, आणि रस्त्यावरच्या घरांची विस्तिनला पाठ असलेली नावं होती अकरा.

"आता?" आईने विचारलं.

त्याने तिचे हात आणखी घट्ट धरले आणि तिच्या कानात तिसऱ्या घराचं नाव सांगितलं.